दारातलं जनावर, रानातलं जनावर



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, की उरलेल्या वेळात जे बोलणं निघतं त्यातूनच मला बऱ्याचदा रेडिओवर काय सांगायचं ते सापडतं. मागच्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीवर असंच झालं. एका वहिनींच्या मुलानं माळावरून हरणाचं पाडस उचलून आणलं होतं. गवतात एकटंच पडलं होतं, जवळ आई नव्हती, म्हणून पोराला दया आली. वहिनींनी त्याला बाटलीनं म्हशीचं दूध पाजलं, गोधडीत गुंडाळलं, रात्री करडांच्या शेजारी झोपवलं. चौथ्या दिवशी ते गेलं. सांगताना वहिनींचा गळा भरून आला. म्हणाल्या, "ताई, लेकरासारखं केलं हो त्याचं. मग का गेलं?"

वहिनींनी माया करण्यात काही कमी केलं नाही. पण त्यांना एक गोष्ट कुणीच कधी सांगितली नव्हती. ते पाडस अनाथ नव्हतंच.

आपल्या बारामती-इंदापूरच्या माळावर जे हरीण दिसतं ते बहुतेक वेळा चिंकारा असतं. अंगानं लहान, तांबूस, गवतात उभं राहिलं तर पटकन दिसतही नाही. चिंकाऱ्याची मादी व्यायली की पिल्लाला बरोबर घेऊन हिंडत नाही. पहिले काही दिवस पिल्लाला पळता येत नाही, आणि आई जवळ उभी राहिली तर लांडग्याला, कोल्ह्याला, कुत्र्याला लांबूनच पत्ता लागतो. म्हणून ती पिल्लाला गवतात, झुडपाखाली दडवून ठेवते आणि स्वतः दूर चरते. पिल्लाच्या अंगाला वासही फार कमी येतो. ते कान पाडून, मान जमिनीला टेकवून गप पडून राहतं. आई ठरावीक वेळानं येते, पाजते, चाटते, पुन्हा निघून जाते. आपण खुरपायला गेलो तर तान्ह्याला बांधाच्या झाडाला झोळीत ठेवतो ना, तसंच. झोळीजवळ बाई दिसली नाही म्हणून कुणी आपलं लेकरू उचलून नेलं तर?

सशाचंही असंच. सशाची पिल्लं गवतात एकटी दिसतात, आई दिवसातून थोडाच वेळ येते. खुरपताना ती सापडली की पोरं घरी घेऊन येतात आणि दोन-चार दिवसांत ती मरतात.

आता दुधाचं. प्रत्येक जनावराचं दूध त्याच्या पिल्लाच्या मापाचं असतं. म्हशीचं दूध रेडकासाठी असतं, ते हरणाच्या चार दिवसांच्या आतड्याला झेपत नाही, हगवण लागते. त्यात बाटलीनं, मान वर करून पाजलं की दूध श्वासनळीत जातं आणि फुप्फुसात पाणी झाल्यासारखं होतं. वर माणसांचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, पोरांची गर्दी. रानातलं जनावर भीतीनंही मरतं. बाहेरून ते शांत बसलेलं दिसतं आणि आपण म्हणतो, बघा कसं माणसाळलं. ते माणसाळलेलं नसतं, घाबरून गोठलेलं असतं.

तर पाडस दिसलं की काय करायचं? काही करायचं नाही. त्याला हात न लावता मागं फिरायचं, बरोबरचं कुत्रं असेल तर बांधायचं, पोरांना तिकडं जाऊ द्यायचं नाही. आपण तिथं उभे राहिलो तर आई येणारच नाही. पाडस जखमी असेल, अंगावर मुंग्या-माशा लागल्या असतील, किंवा आई मेलेली समोर दिसत असेल तरच वनखात्याला कळवायचं. वनखात्याचा नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे, १९२६.

आणि कुणी आधीच उचलून आणलं असेल तर? "आता माणसाचा हात लागला, आई जवळ करायची नाही," असं म्हणून आपण ते ठेवून घेतो. हा समज जुना आहे, पण खरा नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आहे. तिकडं ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात. मादी उसाच्या फडातच विते, कारण तिच्या दृष्टीनं ऊस म्हणजे दाट रान. तोडणी सुरू झाली की ती आवाजानं बाजूला सरकते आणि कोयता चालवता चालवता मजुरांच्या पुढ्यात बछडे येतात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर आणि वनखात्याची माणसं त्या बछड्यांना तपासतात आणि अंधार पडायच्या आत जिथं सापडले त्याच जागी खोक्यात ठेवतात. बाजूला कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. रात्री मादी येते, एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. असं कितीतरी वेळा झालेलं आहे. माणसांनी हाताळलेले बछडे बिबट्याची मादी परत घेते, तर हरणी का नाही घेणार? पाडस लवकरात लवकर त्याच जागी नेऊन ठेवता येतं. फक्त आधी १९२६ला फोन करून विचारायचं आणि ते सांगतील तसं करायचं.

उसाचा विषय निघालाच आहे तर, आपल्या ऊसपट्ट्यातही आता बिबट्याचं नाव ऐकू येतं. पण फडात सापडलेलं प्रत्येक पिल्लू बिबट्याचं नसतं. पुष्कळदा ते रानमांजराचं असतं. अंगावर ठिपके नाहीत, रंग मातकट, म्हणजे रानमांजर. दोन्हींत काम तेच. तोडणी त्या कोपऱ्यात थांबवायची, पिल्लाला घेऊन फोटो काढायचे नाहीत, फोन करायचा. बिबट्याची मादी जवळच असते, हे विसरू नका.

आता जरा आपल्या मुलखाविषयी. आपण माळाला पडीक म्हणतो. सात-बाऱ्यावरसुद्धा पोटखराबा म्हणून लिहितो. पण या पडीक माळावर जे जगतं ते दाट जंगलात जगत नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं. मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्याला नाव मिळालं आणि ते राखलं गेलं चिंकाऱ्यासाठी. इंदापूरकडं कडबनवाडीचा माळ आहे, बारामतीकडं शिर्सुफळचा. तिथं आता वनखात्यानं गवताळ माळ दाखवायची सफारीही सुरू केली आहे. पुण्या-मुंबईची माणसं आपला माळ बघायला पैसे देऊन येतात, आणि आपण तिथं कचरा टाकायला जातो. असो.

या माळाचा खरा धनी लांडगा. लांडगा म्हटलं की आपल्याला मेंढरांचं नुकसान आठवतं, आणि ते खरंच आहे. जिचं शेळीवर घर चालतं तिला लांडग्याचं कौतुक सांगून उपयोग नाही. शेळी-मेंढी मारली तर सरकारी भरपाई मिळते, त्या यादीत लांडगा आहे. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही आणि वनखात्याला लगेच कळवायचं, म्हणजे पंचनामा होतो. उशीर केला किंवा जनावर पुरून टाकलं तर भरपाई हातची जाते. रात्री शेळ्या बंद, वर छप्पर असलेल्या गोठ्यात ठेवल्या तर निम्मा त्रास तिथंच संपतो.

पण आज मला लांडग्यापेक्षा कुत्र्याबद्दल जास्त बोलायचं आहे. आपल्या घरात आणि रानात मिळून जो दुवा आहे तो कुत्रा. दिवसा दारात झोपतो, रात्री माळावर जातो. आपल्या हातची भाकरी खातो आणि लांडग्याच्या पाण्यावर पाणी पितो. आपल्यापैकी किती जणींच्या कुत्र्याला लस टोचलेली आहे? बैठकीत हा प्रश्न विचारला की हात वर येतात ते दोन किंवा तीन. पण "तुमच्याकडं कुत्रं आहे का" म्हटलं तर सगळ्या म्हणतात, "आहे की. पाळलेलं नाही, पण आहे." ही "पाळलेलं नाही पण आहे" अशी कुत्री सगळ्यात अवघड. त्यांना भाकर आपली असते, पण जबाबदारी कुणाचीच नसते.

एक गोष्ट सांगते, ती ऐकून मलाही नवल वाटलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या माळावर प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांना काही लांडगे वेगळेच दिसले. रंग पिवळट, ठेवण कुत्र्यासारखी. त्यांचे नमुने गोळा करून बंगळुरूच्या अभ्यासकांच्या मदतीनं जनुकांची तपासणी झाली आणि २०२३मध्ये जाहीर झालं की तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर आहे. आपल्या दारातली कुत्री आणि रानातले लांडगे यांची पिल्लं होऊ लागली आहेत. असं होत राहिलं तर या माळावर खरा लांडगा उरणार नाही अशी भीती आहे.

हे का होतं? दोघं एकाच ताटावर जेवायला लागलेत म्हणून. आणि ते ताट आपण वाढतो. आपल्या दोन्ही तालुक्यांत पोल्ट्री भरपूर. आपल्या गटांनीही परसातली कोंबडीपालनाची कर्जं घेतली आहेत. मेलेली कोंबडी, आतडी, पिसं पोत्यात भरून माळावर फेकली जातात. वासानं गावची कुत्री जमतात, मागून कोल्हा येतो, खोकड येतं, लांडगा येतो. शिकार करणं अवघड, पोतं फाडणं सोपं. पिल्लांना आई पोत्यापर्यंत घेऊन येते आणि पिल्लं तेच शिकतात. असं करत करत रानातलं जनावर अर्धं माणसाळतं. माणसाची भीती जाते, पण माणसाशी कसं वागायचं ते काही त्याला येत नाही. मग ते वस्तीजवळ दिसू लागतं, पोरं दगड मारतात, कुणी काठी घेऊन धावतं, आणि कधीतरी दोघांपैकी कुणाला तरी इजा होते. ज्या गटाची पोल्ट्री आहे त्यांनी मेलेल्या कोंबडीसाठी खोल खड्डा घ्या, वर चुना टाका, मातीनं बुजवा, दगड ठेवा. एवढं केलं तर लांडग्यावर आणि पोरांवर सारखाच उपकार होईल.

कुत्र्यांकडून रानात आजारही जातात. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा एक रोग आहे. नाकाडोळ्यांतून पाणी, हगवण, मग झटके. माणसाला तो होत नाही, म्हणून आपण त्याच्याकडं लक्ष देत नाही. पण गुजरातमधल्या गीरच्या जंगलात २०१८ साली वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यांच्यात हाच डिस्टेंपरचा विषाणू सापडला. सिंहासारखं जनावर जिथं टिकत नाही तिथं आपल्या माळावरचे मूठभर लांडगे काय टिकणार? कुत्र्याच्या पिल्लाला दीड-दोन महिन्यांचं असताना याची लस देता येते.

आणि आता रेबीज. यावर मी जरा थांबणार आहे, कारण यात माणूस जातो.

पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत विषाणू असतो. चावल्यावर तो रक्तातून नाही, तर नसांमधून हळूहळू मेंदूकडं चढत जातो. म्हणून चावल्यावर लगेच काही होत नाही. कधी काही आठवडे, कधी काही महिने जातात. जखम भरते, आपण विसरतो. आणि एकदा का पाणी बघून घसा आवळायला लागला, वारा सहन होईना, की मग जगातल्या कोणत्याच दवाखान्यात उपाय नाही. म्हणजे वेळ मिळतो तो फक्त चावणं आणि लक्षणं यांच्या मधला. त्या वेळात लस पोचली तर माणूस शंभर टक्के वाचू शकतो.

ही लस पहिल्यांदा टोचली गेली ६ जुलै १८८५ला, पॅरिसमध्ये. जोसेफ मायस्टर नावाचा नऊ वर्षांचा पोरगा होता, पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला बऱ्याच ठिकाणी चावलं होतं. त्याची आई त्याला लांबून लुई पाश्चरकडं घेऊन गेली. पाश्चर डॉक्टर नव्हता, लस माणसावर कधी वापरलेली नव्हती. तरी त्या आईनं हो म्हटलं आणि पोरगा वाचला. आपल्याला आज तिच्याएवढं धाडस करावं लागत नाही, फक्त सरकारी दवाखान्यापर्यंत जावं लागतं. तिथं लस मोफत आहे.

चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी पहिलं काम नळाखाली किंवा तांब्यानं पाणी ओतत, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुणं. पंधरा मिनिटं फार वाटतात, पण निम्मा विषाणू तिथंच वाहून जातो असं समजा. हळद, चुना, तिखट, मिसरी, तेल यातलं काहीही लावायचं नाही. त्यानं जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. घट्ट पट्टी बांधायची नाही, टाके लगेच घालू द्यायचे नाहीत. मग दवाखाना. लस आता दंडात देतात, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली, त्या भीतीनं कुणी घरी बसू नका. बहुतेक सरकारी दवाखान्यांत पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बोलावतात. तारखा डॉक्टर लिहून देतील. एकही चुकवायची नाही, लग्न असो, ऊसतोड असो. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच आणखी एक इंजेक्शन देतात, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते मागून घ्या. तालुक्याला नसेल तर कुठं मिळेल ते विचारा, "नाही" ऐकून परत येऊ नका.

"कुत्रं घरचंच आहे, दहा दिवस बघू" असं पुष्कळदा म्हणतात. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं ते खरं, पण लस आजच सुरू करायची. कुत्रं ठणठणीत राहिलं तर पुढचं डॉक्टर ठरवतील. आणि हा दहा दिवसांचा हिशेब फक्त कुत्र्या-मांजराला लागू. मुंगूस, कोल्हा, लांडगा, वानर चावलं तर वाट बघायचीच नाही. घरात पाळलेलं मुंगूस असलं तरी ते रानातलंच.

लेकरांच्या बाबतीत आणखी एक. पोरं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. कुत्र्याच्या पिल्लाशी खेळताना दात लागले असतील तरी सांगत नाहीत. तुमच्या पोरांना आज जेवताना एवढंच सांगा की सांगितलंस तर कुणी रागावणार नाही.

म्हशीचंही विचारतात. कुत्रं म्हशीला चावलं तर तिचीही जखम तशीच धुवायची, हातात मोजे किंवा पिशवी घालून, आणि पशुवैद्यकाला बोलवायचं. जनावरालाही चावल्यानंतरची लस असते. १९६२ला फोन केला तर जनावरांचा फिरता दवाखाना येतो. उकळलेल्या दुधानं कुणाला रेबीज झाल्याचं माझ्या ऐकण्या-वाचण्यात नाही, पण संशयित जनावराचं दूध काढूच नका, कच्चं तर अजिबात पिऊ नका. खरा धोका वेगळाच आहे. म्हैस चारा खाईनाशी होते, तोंडातून लाळ गळते, आवाज बदलतो. आपल्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय, आणि आपण कोपरापर्यंत हात घालून बघतो. बायाच बघतात, कारण धारा आपण काढतो, जनावर आपल्याला ओळखतं. पिसाळलेल्या जनावराचा घसा आवळतो तेव्हा अगदी असंच दिसतं. अशा वेळी हात घालायचा नाही, डॉक्टर येईपर्यंत लांब थांबायचं.

बरं, सगळीच रानातली जनावरं काही घाबरवायला येत नाहीत. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला मोर अंगणात येतात, छपरावर बसतात. तिथल्या चिंचेच्या झाडांमुळं आणि लोकांच्या सवयीमुळं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मोर त्यांचा पाळलेला नाही, पण शेजारी आहे. शेजारी म्हणूनच राहू द्यायचा. आपल्याकडंही परसात मुंगूस येतं, खार येते, धामण गोठ्यात उंदरांमागं फिरते. धामण बिनविषारी आहे आणि वर्षाला किती पोती धान्य वाचवते याचा हिशेब कुणी गटाच्या वहीत मांडला तर तिला बोनस द्यावा लागेल. अशा जनावरांना खायला घालायचं नाही, पकडायचं नाही, फक्त जाऊ द्यायचं. कोंबड्यांचा खुराडा जाळीनं खालपर्यंत बंद केला की मुंगसाशी भांडणही राहत नाही. वानरांना मात्र हातानं शेंगदाणे-केळी देऊ नका, देवळात असले तरी. आज देता, उद्या ते हातातली पिशवी ओढतात आणि परवा पोरांना चावतात.

या सगळ्यावर एक प्रश्न हमखास येतो. "मग प्रकाश आमटे कसे बिबटे सांभाळतात? पिक्चरमध्ये बघितलंय की आम्ही." प्रश्न रास्त आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ साली गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात हेमलकशाला गेले, माडिया गोंड लोकांमध्ये दवाखाना काढायला. तिथले लोक पोटासाठी शिकार करत. एकदा मारलेल्या माकडिणीला जिवंत पिल्लू चिकटलेलं त्यांनी बघितलं आणि ते मागून घेतलं. तिथून सुरुवात झाली. म्हणजे त्यांच्याकडं आलेल्या पिल्लांची आई खरोखरच मारली गेलेली होती. ती गवतात एकटी दिसली म्हणून कुणी उचललेली नव्हती. शिवाय ते दोघंही डॉक्टर, प्राण्यांसाठी वेगळी जागा, माणसं, रोजचं मांस-दूध, आणि सरकारची मान्यता. एवढं सगळं असूनही माणसाच्या हातात वाढलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही, माणसाची भीती नसते, मग तो आयुष्यभर तिथंच राहतो. त्या जिवांना दुसरी वाट नव्हती. आपल्या माळावरच्या पाडसाला असते, त्याची आई शंभर पावलांवर चरत असते.

कायदाही सांगून ठेवते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानातलं जनावर पकडणं म्हणजेसुद्धा शिकार. प्रेमानं पकडलं की रागानं, त्यात फरक नाही. तुरुंग आहे, दंड आहे. हरीण, ससा, मोर, मुंगूस, घोरपड, कासव, पोपट, सगळे त्यात येतात. म्हणून वहिनींसारखं कुणाच्या घरी असं पिल्लू असेल तर लपवण्यापेक्षा आपण होऊन कळवलेलं बरं.

एक काम मात्र आपण खरंच करू शकतो, आणि ते कुणी सांगत नाही. शेततळी. आपल्या भागात डाळिंबासाठी, फळबागेसाठी गावोगाव शेततळी झाली. त्यातला कागद गुळगुळीत असतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी आलेलं हरीण, कोल्हा, कुत्रं आत घसरलं की वर येऊ शकत नाही, पोहून पोहून बुडतं. माणसंही बुडतात, लेकरंही. चारी बाजूंनी कुंपण तर हवंच. पण त्याशिवाय प्रत्येक कोपऱ्यात गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरांची माळ वरच्या खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडा. जुनी मासेमारीची जाळीही चालते. पाय अडकायला काहीतरी मिळालं की जीव वर येतो. खर्च जवळजवळ नाही.

आता गटांसाठी काम. पुढच्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीच्या दारातल्या कुत्र्या-मांजरांची नोंद करा, पाळलेली आणि "पाळलेली नाही पण आहेत" अशी दोन्ही. लस कधी टोचली तो रकाना रिकामा राहील, राहू द्या. मग सगळ्यांची मिळून यादी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि गावात एक दिवस लसीकरणाचा मागा. एकटी बाई गेली की "नंतर बघू" होतं, वीस सह्यांचा कागद गेला की तारीख मिळते, हे कर्जाच्या वेळी आपण सगळ्यांनी बघितलंय. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि पुढं दरवर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास शिबिरं भरतात, तेव्हा आधीपासून विचारून ठेवा. कुत्र्याला भाकरीबरोबर पाणीही द्या आणि रात्री बांधा. कुत्रीची नसबंदी होते का तेही त्याच कागदात विचारा. चाळीस पिल्लांना भाकरी घालून पुण्य मिळवण्यापेक्षा एकीचं ऑपरेशन स्वस्त पडतं.

शेवटी एका आजींचा प्रश्न आला होता, त्याचं उत्तर देते आणि थांबते. त्यांच्याकडं आठ वर्षांपासून पिंजऱ्यात राघू आहे. "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो. कायदा कळल्यावर आजी म्हणाल्या, मग उद्या सकाळी दार उघडून सोडून देते. आजी, तसं करू नका. आठ वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या राघूच्या पंखांत उडण्याचं बळ नाही, त्याला दाणा शोधता येत नाही, आणि मांजर म्हणजे काय ते ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत तो कुणाच्या तरी तोंडात असेल. १९२६ला फोन करा, वनखात्याची माणसं घेऊन जातील आणि त्याला सोडायचं की सांभाळायचं ते तपासून ठरवतील. तोवर त्याला तिखट, मीठ, चहात बुडवलेली बिस्किटं घालू नका. पेरू, भिजवलेली डाळ, हिरवी मिरची चालते. आणि नवा राघू आणू नका, बाजारात कितीही स्वस्त मिळाला तरी.